चेंडूमागे पळायचे, तर पायात बळ हवे

पावसाने उघडीप दिली की खोडाळ्याच्या आसपास कोणत्याही पाड्यावर जा. चार हात सपाट जागा दिसली की तेथे पोरांचा गलका असतोच. कुठे शाळेचे पटांगण, कुठे भात कापून मोकळे झालेले खाचर, कुठे नुसताच माळ. दोन दगड ठेवले की गोल झाला, चपला काढून ठेवल्या की सीमारेषा झाली. चेंडू मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर चिंध्यांचा गुंडाळा आहेच. फुटबॉलला ना बॅट लागते ना पॅड. म्हणून तर हा खेळ जगभर गरिबाच्या दारी आधी पोचला.

पण वाचकहो, एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. डोंगरातली पोरे पहिला अर्धा तास वाऱ्यासारखी पळतात. समोर शहरातला, खाऊनपिऊन तयार झालेला संघ असला तरी त्याची दमछाक करतात. मग उत्तरार्धात खांद्याला खांदा लागला की बाजूला फेकली जातात. उंच चेंडूवर उडी कमी पडते. एखादा गुडघा धरून बाहेर बसतो. बघणारे म्हणतात, "पोरांचा दम कमी पडला!" मंडळी, दम कमी पडलेला नसतो. कमी पडते ते बळ. हे बळ जन्मजात नसते, ते कमवावे लागते. आणि ते कमवायला शहरातली व्यायामशाळा, लोखंडी वजने, महागडी पावडर यांतले काहीही लागत नाही. कसे ते आज पाहू.

दम वेगळा, बळ वेगळे

दमाचे म्हणाल तर आपल्या डोंगराला ते शिकवायची गरज नाही. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत अशाच पायवाटांवर पळत मोठी झाली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १० हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले आणि २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावली. मातीत दम आहे, हे तिने सिद्ध केले.

पण फुटबॉल ही नुसती लांब पल्ल्याची शर्यत नव्हे. मोठ्या सामन्यात खेळाडू ९० मिनिटांत साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर तोडतो, हे खरे. त्यातले बहुतेक अंतर चालण्यात आणि हलक्या धावण्यात जाते. सामन्याचा निकाल लागतो तो मात्र दहा-वीस मीटरच्या झपाट्यात, एका उडीत, एका वळणात, चेंडूवरच्या एका फटक्यात. हे सगळे क्षणभराचे काम. त्या क्षणी पायाने जमिनीला किती जोराने आणि किती पटकन रेटा दिला, यावर सगळे अवलंबून असते. तो रेटा म्हणजेच बळ. चेंडू मारताना एक पाय मारतो आणि दुसरा सगळे शरीर तोलून धरतो. तो तोलणारा पाय लटपटला तर मारणारा पाय कितीही जोरकस असो, चेंडू आकाशातच जाणार.

राबणे म्हणजे व्यायाम नव्हे

येथे कोणी म्हणेल, "आमचा पोर दिसभर रानात राबतो, मोळी वाहतो, आवणीला चिखल तुडवतो. त्याला आणखी कसला व्यायाम?" प्रश्न रास्त आहे. कष्टाने अंग काटक होते, यात शंका नाही. पण कष्ट आणि सराव यांत फरक आहे.

कष्टात ओझे ठरलेले असते. पोराची ताकद पाहून ते कमी-जास्त होत नाही. सरावात ते हळूहळू वाढवता येते. कष्टात एकच हालचाल दिवसभर होते. आवणीला कंबर वाकली की संध्याकाळपर्यंत वाकलेलीच. सरावात प्रत्येक सांध्याला आणि स्नायूला त्याचा वाटा मिळतो. तिसरी गोष्ट विश्रांतीची. स्नायूला ताण दिला की तो आधी थकतो आणि मग विश्रांतीत, झोपेत, पोटातल्या अन्नावर पूर्वीपेक्षा मजबूत होऊन उभा राहतो. विश्रांतीच मिळाली नाही तर तो नुसता झिजत जातो.

म्हणून कष्टाचा हिशेब सरावात धरलाच पाहिजे. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, भांड्याचे वजन वेगळे. मुंबईला पाणी पाजणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे, तरी एप्रिल-मे आला की तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात, हे तुम्हांला सांगायला नको. ज्या मुलीने सकाळी चढावरून पाच हंडे आणले तिचा पायांचा व्यायाम त्या दिवशी झाला, असे मास्तरांनी धरावे. त्या संध्याकाळी तिला बैठका नकोत. चेंडू द्यावा आणि हलके खेळू द्यावे.

उंची खुंटते, हा गैरसमज

"लहानपणी वजने उचलली की उंची खुंटते," ही समजूत गावात आहे तशी शहरातही आहे. तिला आधार नाही. योग्य पद्धतीने, जाणत्याच्या नजरेखाली केलेल्या बळाच्या व्यायामाने मुलांची वाढ थांबत नाही. उलट हाडे बळकट होतात आणि दुखापती कमी होतात. २०१४ साली अनेक देशांच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन तसा निर्वाळा दिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले, की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर अंगमेहनतीचा खेळ खेळावा आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट होतील अशा हालचाली कराव्यात. धोका असतो तो चुकीच्या पद्धतीत, चढाओढीने उचललेल्या अवजड ओझ्यात आणि देखरेख नसण्यात.

आणखी एक लक्षात ठेवा. बारा-तेरा वर्षांच्या आतल्या पोराचे दंड व्यायामाने फुगत नाहीत. त्याचे बळ वाढते ते मेंदू आणि स्नायू यांची जुळणी सुधारल्यामुळे. तेव्हा "महिना झाला, पोराच्या अंगावर काही दिसत नाही," म्हणून नाराज होऊ नका. ते उडीत दिसेल, वळण्यात दिसेल.

दुखापतीचे म्हणाल तर पुरावा भक्कम आहे. फिफाने तरुण खेळाडूंसाठी सुमारे वीस मिनिटांचा एक सराव तयार करवला. त्याला "११ प्लस" म्हणतात. आधी धावणे, मग बळ-तोल-उड्या, शेवटी पुन्हा थोडे वेगाचे धावणे, असे त्याचे तीन भाग. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १,९०० मुलींवर तो पारखला गेला आणि २००८ साली निष्कर्ष आला. एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या होत्या. पुढे ७ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी वेगळा सराव केला. २०१८ सालच्या निष्कर्षात तेथे दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. ज्या गावातून गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी नाशिक नाही तर मुंबई गाठावी लागते, त्या गावाला याचे मोल अधिक.

कोल्हापूरच्या तालमी बघा

व्यायाम आणि फुटबॉल यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. कोल्हापुरातल्या फुटबॉल संघांची नावेच बघा : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. ज्या तालमींत जोर-बैठका आणि कुस्ती, त्याच तालमींच्या नावाने पोरे राजर्षी शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतात आणि अख्खे शहर बघायला लोटते. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

आणि आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे लंगडी आहे. एका पायावर उड्या मारत गडी बाद करणे हा एका पायाच्या बळाचा अस्सल व्यायाम; परदेशातले प्रशिक्षक त्यासाठी वेगळा तास घेतात. आट्यापाट्या आहेत, त्यात झपकन थांबणे आणि वळणे आहे. तारपा आहे. तारप्याच्या फेरात रात्रभर गुडघे किंचित वाकवून, ठेका धरून नाचणाऱ्याच्या मांड्या-पोटऱ्या पाहा. नऊ-दहा वर्षांच्या आतल्या मुलांना वेगळा व्यायाम देऊच नका. लंगडी, रस्सीखेच, बेडूकउड्या, झाडावर चढणे एवढे पुष्कळ झाले. पुढचा सराव आहे तो त्याहून मोठ्यांसाठी.

वीस मिनिटांचा सराव

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये निदान एक दिवस सोडून. सामन्याच्या आदल्या दिवशी नको. आधी पाच मिनिटे अंग गरम करा : हलके धावणे, गुडघे उचलून चालणे, बाजूला सरकत धावणे. ताठ अंगाने थेट व्यायामाला भिडू नये. मग पुढील प्रकार :

१) बैठक. पाय खांद्याएवढ्या अंतरावर. तीन मोजेपर्यंत सावकाश खाली, एक मोजताना वर. टाचा जमिनीवर आणि गुडघे पायाच्या बोटांच्या रोखाने. गुडघे आत एकमेकांकडे झुकले की बैठक चुकली. आखाड्यातली झपाट्याची बैठक वेगळी. येथे सावकाशपणालाच महत्त्व. १० बैठका, दोन वेळा.

२) पाऊल टाकून बसणे. एक पाय पुढे टाकून मागचा गुडघा जमिनीला टेकेल-न टेकेल इतके खाली जावे. अंग ताठ. प्रत्येक पायाने ८ वेळा.

३) ओट्यावर चढणे. शाळेच्या व्हरांड्याची पायरी किंवा शेताचा बांध चालेल, उंची गुडघ्याच्या खालीच हवी. एका पायाच्या जोरावर वर, त्याच पायावर तोल सांभाळत सावकाश खाली. प्रत्येक पायाने ८ वेळा.

४) जोर. छाती, खांदे आणि पोट यांसाठी. धक्काबुक्कीत उभे राहायचे तर हे हवेच. जमिनीवर जमत नसेल तर हात ओट्यावर टेकून सुरुवात करावी. ८ ते १० जोर.

५) कोपरांवर तोलणे. कोपरे आणि चवडे जमिनीवर, बाकी अंग फळीसारखे सरळ. कंबर खाली लोंबू नये, वरही जाऊ नये. २० ते ३० सेकंद, तीन वेळा. मग एका कुशीवर तसेच, दोन्ही बाजूंनी १५ सेकंद.

६) गुडघ्यांवरून झुकणे. गुडघ्यांखाली पोत्याची घडी घालून गुडघ्यांवर उभे राहा. जोडीदाराने मागून घोटे घट्ट धरावेत. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून जमेल तितके सावकाश पुढे झुकावे, शेवटी हातांवर पडावे. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी याच्यासारखा व्यायाम नाही. धावता धावता हाच स्नायू "धरतो" आणि खेळाडू लंगडत बाहेर येतो. अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर २०१९ साली असे दिसले, की या व्यायामाने अशा दुखापती सुमारे निम्म्याने कमी होतात. पण पहिल्यांदा पाय फार दुखतात. सुरुवात फक्त ३ वेळा आणि तीही आठवड्यातून एकदा.

७) टाचा उचलणे. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली. १२ ते १५ वेळा. पोटऱ्या आणि घोटा दोन्ही मजबूत होतात. आपल्या खडकाळ मैदानावर घोटा सांभाळणे फार गरजेचे.

८) उडी आणि उतरणे. जागेवरून वर उडी घ्या आणि उतरल्यावर तीन मोजेपर्यंत पुतळ्यासारखे थांबा. पाय टेकल्याचा आवाज येता कामा नये. मांजर भिंतीवरून कसे उतरते, तसे गुडघे वाकवून उतरावे. ५ उड्या, दोन वेळा. जमायला लागले की एका पायावर.

९) चढावरची धाव. सूर्यमाळच्या बाजूला चढाला काय तोटा? १५ मीटरचा साधा चढ शोधा. पूर्ण वेगाने वर, चालत खाली. ६ वेळा. दोन धावांत श्वास पूर्ण जागेवर येऊ द्यावा. येथे दमवायचे नाही, वेग वाढवायचा आहे.

पहिल्या दिवशी सगळे प्रकार नकोत. चार-पाच घ्या, नीट शिका, मग वाढवा. दर आठवड्याला एक-दोन आवर्तने वाढवावीत आणि चौथा आठवडा हलका ठेवावा. दोन महिने शरीराचेच वजन पुरे. त्यानंतर पिशवीत दोन-तीन किलो वाळू भरून ती छातीशी धरून बैठका घेता येतील. नियम एकच : शेवटचे आवर्तन पहिल्याइतकेच नेटके हवे. अंग वाकडे होऊ लागले की तेथेच थांबावे. अति तेथे माती, हे शेतात खरे तसे मैदानातही खरे.

बूट नाहीत म्हणून कोणी मागे राहू नये. १९११ साली मोहन बागानच्या संघाने इंग्रजांच्या पलटणीच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा त्यांतला एक सोडला तर बाकी सारे अनवाणी होते. मात्र सरावाआधी मैदानातले काटे, काचा, टोकदार दगड पोरांनीच वेचून काढावेत.

आणि एक विनंती शिक्षकांना. उठाबशा शिक्षा म्हणून देऊ नका. ज्या व्यायामाने पोराचे पाय मजबूत व्हायचे, तोच त्याला चारचौघांत लाज आणणारा ठरला तर तो आयुष्यभर त्याकडे पाठ फिरवील.

आधी पोटात, मग पायात

आता सगळ्यांत महत्त्वाचे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालके दगावली आणि आपल्या भागाचे नाव देशभर गेले ते कुपोषणाने. त्यानंतर योजना आल्या. गरोदर व स्तनदा मातांसाठी राज्यात २०१५ साली अमृत आहार योजना सुरू झाली. पण फुटबॉल खेळण्याचे वय दहा ते सतरा. त्या वयाच्या पोटाकडे कोण पाहणार?

हिशेब मांडू. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम प्रथिने लागतात, मुलीला थोडी कमी. शाळेतल्या पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलासाठी २० ग्रॅम प्रथिने धरलेली आहेत. राहिली २५. नागलीच्या दोन भाकऱ्यांत, म्हणजे साधारण १०० ग्रॅम पिठात, ७ ग्रॅम मिळतात. मूठभर उडदाच्या आमटीत ७, एका अंड्यात ६, मूठभर शेंगदाण्यांत ६. झाले २६! यांतले काही बाहेरून आणायचे आहे का? अंडे घरच्या कोंबडीचे, उडीद आणि नागली आपल्याच वरकस जमिनीतली. शिवाय १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. वाढत्या हाडाला हेच हवे. शहरातले लोक ती नागली पाकिटातून महाग घेऊन खातात, आणि आपण ती विकून पोरांना पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा देतो. सुकट, सुके बोंबील बाजारात मिळतात, त्यांतही भरपूर प्रथिने असतात.

पण नववी-दहावीला शाळेचा पोषण आहार लागू नाही, हे विसरू नका. आश्रमशाळेत राहणाऱ्याला तेथे जेवण आहे. घरून चालत हायस्कूलला जाणाऱ्याचे काय? सकाळी कोरा चहा पिऊन निघालेला पोरगा संध्याकाळी उपाशीपोटी बैठका मारू लागला तर बळ वाढणार नाही. अंगात आहे तेही जाईल. म्हणून नियम करा : सरावाआधी दोन तासांत काही खाल्लेले नसेल तर त्या दिवशी व्यायाम नाही. सरावाच्या जागी भाजलेले शेंगदाणे आणि गूळ यांचा डबा असला तर फारच उत्तम. गावातल्या चार कमावत्यांनी मनावर घेतले तर हे अवघड नाही.

रक्ताकडे लक्ष द्या

२०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षयाने ग्रासलेले आहेत. रक्तात लोह कमी म्हणजे स्नायूला प्राणवायू कमी. असे मूल आळशी नसते, आजारी असते. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी लोहाचीच; ती फेकू नये, जेवणानंतर घ्यावी. जंताची गोळीही चुकवू नये. जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातले लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा आवळा घेतला की चांगले लागते.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. आदिवासी भागात हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. २०२३ साली केंद्र सरकारने त्याच्या उच्चाटनाचे अभियान सुरू केले आणि त्यात तपासणीवर भर दिला. सराव सुरू करण्यापूर्वी प्रत्येक मुलाची ही तपासणी झालेली असावी. खोडाळ्याचे प्राथमिक आरोग्य केंद्र, मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय येथे चौकशी करा. सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जोराचा सराव करू नये. ज्यांच्यात तो फक्त वाहक म्हणून आहे त्यांना खेळता येते. पण उन्हात, तहानलेल्या स्थितीत, जबरदस्तीने पळवले तर जिवावर बेतू शकते. पाणी वरचेवर, विश्रांती पुरेशी. आणि "पाय भरले, श्वास लागतो," असे मूल म्हणाले की लगेच थांबवायचे. "नाटक करतो" म्हणायचे नाही.

गुडघ्याखालची गाठ, आणि मुलींचे गुडघे

मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षी आणि मुलांची चौदाव्या वर्षी झपाट्याने वाढते. हाड आधी लांबते, स्नायू मागून येतो. त्या काळात काहींच्या गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखते, गाठही येते. घाबरू नये. भगताकडे जाऊन डाग देऊ नये. उड्या आणि चढावरची धाव काही आठवडे कमी करावी. बहुधा वाढ थांबली की ते आपोआप बरे होते. मात्र रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप किंवा सूज असेल तर डॉक्टर गाठावा.

मुलींच्या गुडघ्यातला आतला बंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त असते, म्हणून वरचा आठवा प्रकार मुलींनी मुळीच चुकवू नये. आणि "पोरीच्या जातीला फुटबॉल कशाला?" असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगा : २०२२ साली भारतात मुलींचा १७ वर्षांखालील विश्वचषक झाला, काही सामने नवी मुंबईत झाले. त्यात भारताची कर्णधार होती अष्टम उरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, मजुरी करणाऱ्या आदिवासी आईबापाची मुलगी.

दिवाळीनंतर काय?

सगळ्यांत अवघड प्रश्न येथे आहे. पावसाळाभर सराव झाला, पोर तयार झाले आणि दिवाळी सरली की आईबापाबरोबर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर निघून गेले. बळ हे साठवून ठेवायचे धान्य नाही. सराव सुटला की दोन-तीन महिन्यांत त्यातले बरेचसे ओसरते. त्याहून मोठे नुकसान म्हणजे शाळाच सुटते.

तेव्हा पालकहो, शक्य असेल तर पोराला आश्रमशाळेत, वसतिगृहात किंवा आजी-आजोबांपाशी ठेवून जा. फुटबॉलसाठी म्हणून नव्हे, त्याच्या शिक्षणासाठी. फुटबॉलचा संघ हे मुलाला शाळेत धरून ठेवणारे एक कारण होऊ शकते, हे शिक्षकांनीही ध्यानात घ्यावे. आणि नेणे भागच असेल तर त्याच्या पाठीवर विटा देऊ नका. वाढत्या मणक्याला ते ओझे सोसत नाही. असा मुलगा शिमग्याला परत आला तर त्याला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करू द्या. "गेल्या वर्षी तर तू वीस जोर मारत होतास!" म्हणून त्याला पहिल्याच दिवशी जुंपू नका, दुखापती होतात त्या अशाच वेळी.

एक वही आणि एक मोजपट्टी

थोडक्यात काय, तर हे काम मोठ्या निधीचे नाही. एक शिक्षक किंवा गावातला एक जाणता तरुण हवा, जो गुडघा आत गेला की "थांब" म्हणेल. एक वही हवी आणि एक मोजपट्टी. पहिल्या दिवशी प्रत्येकाची उभ्याने मारलेली लांब उडी मोजा, भिंतीवर उडी मारून हात कुठवर पोचतो तेथे खडूची खूण करा, ३० मीटर धावायला लागलेली वेळ टिपा. दर सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा. शेजारच्या रकान्यात उंची आणि वजनही लिहा. उडी वाढत नसेल, वजन घटत असेल तर व्यायाम वाढवू नका. त्या घरी जाऊन चूल पेटते का ते पाहा.

शाळांसाठी सुब्रतो मुखर्जी चषकाची स्पर्धा १९६० पासून भरते, त्यात मुलींचाही गट आहे. जिल्ह्याच्या पातळीवरून त्याची वाट सुरू होते. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ती वाट आपल्यासाठी थोडी जवळ आली. तेथे खोडाळ्याचे, सूर्यमाळचे, कारेगावचे पोर उतरावे आणि उत्तरार्धातही पाय रोवून उभे राहावे, असे वाटत असेल तर पुढच्या सामन्याची वाट पाहू नका. शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, आरोग्य केंद्रात तपासणीचा दिवस ठरवा आणि आठवड्यातले दोन वार पक्के करा. मोजपट्टी दुकानात मिळते. वही तर प्रत्येक घरात आहेच.